सुभागवतीने न दिलेला राजीनामा

चहात बुडवलेलं जाड क्रॅकर बिस्किट किती वेळ शाबूत राहतं, हे चहाच्या तापमानावर, बिस्किटाच्या जाडीवर आणि बुडवणाऱ्याच्या मनःस्थितीवर अवलंबून असतं. यातल्या पहिल्या दोन गोष्टी सुभागवतीला पूर्वीपासून ठाऊक होत्या. तिसरी तिच्या लक्षात आली ती यंदा, आणि तीही मॅनेजर मानासा तुइलोमामुळे.

मानासाचा या कामात हात बसलेला होता. बिस्किट वाकायला लागलं की तो ते उचलायचा, अर्धवर्तुळ करून तोंडात टाकायचा आणि बशी कोरडी राहायची. बेटावरच्या नावुआ गावातल्या त्या आल्याच्या कारखान्यात दहाच्या चहाला इतकी वर्षं शेजारी बसूनही सुभागवतीने त्याचं बिस्किट तुटलेलं पाहिलं नव्हतं. आणि आता ते रोज तुटत होतं. मानासा कपात बघत बसायचा, बिस्किट विरघळून तळाला जायचं, आणि तो हातात उरलेल्या तुकड्याकडे असा पाहायचा, जणू तो तुकडाच त्याला काहीतरी विचारतोय.

सुभागवती प्रयोगशाळेची प्रमुख होती. प्रयोगशाळेत दुसरं कोणी नसल्यामुळे प्रमुख होणं तिला फारसं जड गेलं नव्हतं. परदेशी जाणाऱ्या आल्यात ओल किती, तंतू किती, मुळांना कीड आहे का, हे ती तपासायची. एखादी गोष्ट सलग बदललेली दिसली की कारण शोधायचं, ही तिची सवय होती. या वेळी मात्र कारण शोधावं लागलं नाही. ते सगळ्या कारखान्याला माहीत होतं.

ब्रिस्बेनहून मालकांचा माणूस येऊन गेला होता. विमानतळापासून कारखान्यापर्यंत तो गाडीत मोठ्यामोठ्याने फोनवर बोलत होता, आणि ड्रायव्हर कान बंद करून गाडी चालवत नाही. नमुने यापुढे राजधानीतल्या, सुव्याच्या, मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायचे, इथली छोटी प्रयोगशाळा बंद करायची, असं ठरलं होतं. ड्रायव्हरने ते चहावाल्या ऊनाला सांगितलं, ऊनाने आलं धुणाऱ्या बायकांना सांगितलं, आणि दुपारपर्यंत त्या सगळ्याजणी सुभागवतीकडे अशा मायेने बघायला लागल्या की तिला स्वतःची नाडी तपासावीशी वाटली.

ज्याने सांगायचं होतं, तो मानासाच तेवढा सांगत नव्हता.

प्रयत्न करत नव्हता असं नाही. एका सोमवारी तो प्रयोगशाळेत आला, दार लावलं, स्टुलावर बसला आणि म्हणाला, "दीदी, तुमच्याशी एक बोलायचं होतं."

"बोल ना."

मानासाने तराजूकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. "हरनारायणभैयांचा गुडघा कसा आहे?"

हरनारायणचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, गुडघा दोन वर्षांपूर्वी दुखत होता. "बरा आहे," ती म्हणाली.

"छान. फार छान." मानासा उठला. संध्याकाळी ती बसला निघाली तेव्हा त्याने तिच्या हातात दालोच्या, म्हणजे अळूच्या, कंदांची जुडी ठेवली. "घरच्या शेतातला आहे," म्हणाला आणि डोळे पुसत निघून गेला.

पुढच्या वेळी गुडघ्याऐवजी सासूबाईंची चौकशी झाली आणि अननस मिळाले. त्यानंतर हवामानावर चर्चा झाली आणि एक चिखलातला खेकडा मिळाला, नांग्या बांधलेला. तो खेकडा जिवंत होता आणि मानासापेक्षा पुष्कळ निर्धाराने हालचाल करत होता. थोडक्यात, ज्या दिवशी तिला काढायची मानासाला हिंमत होत नसे, त्या दिवशी सुभागवतीच्या घरी चांगलंचुंगलं शिजत असे. गल्लीत बोलबाला झाला की तिला बढती मिळाली आहे.

तसं पाहिलं तर मानासाचीही बाजू होती. तो शाळेतून सुटून कारखान्यात आला तेव्हा त्याला तराजूचा काटा वाचायला सुभागवतीने शिकवलं होतं. त्याच्या लग्नात मटणाचा रस्सा तिने रांधला होता. अशा बाईला "उद्यापासून येऊ नका" म्हणायचं कोणत्या तोंडाने? दुसरा एखादा मॅनेजर असता तर त्याने चिठ्ठी पाठवली असती. मानासाने खेकडा पाठवला.

पण सुभागवतीलाही एक अडचण होती, आणि ती तिच्या स्वयंपाकघरावर होती. गेल्या वर्षीच्या वादळात स्वयंपाकघराचे पत्रे उडाले होते. त्यातला एक नंतर नदीपलीकडे डुकरांच्या गोठ्यावर सापडला, आणि तिथे तो इतका छान बसला होता की मागायला लाज वाटली. तेव्हापासून वर निळी ताडपत्री होती. वारा सुटला की ती फटफट टाळ्या वाजवायची. पाऊस आला की सुभागवती फोडणी एका हाताने आणि बादली दुसऱ्या हाताने सांभाळायची. पुढचं वादळ यायच्या आत पक्कं छत घालायचं, एवढीच तिची इच्छा होती. हातात नोकरी नाही आणि डोक्यावर छत नाही, अशी दोन्हीकडून उघडी पडायची तिची तयारी नव्हती.

"सोडून दे," हरनारायण म्हणाला. तो टॅक्सी चालवायचा आणि स्वाभिमानाच्या बाबतीत फार कडक होता, विशेषतः दुसऱ्याच्या. "त्यांनी काढायची वाट कशाला बघतेस? उद्या जा आणि राजीनामा तोंडावर फेक."

"आणि पत्रे कोण फेकणार वरती?"

"माणसाला काही इज्जत असते की नाही?"

"आहे ना. पण ती गळते का?" सुभागवतीने वर बोट दाखवलं. ताडपत्रीने टाळी वाजवली.

कुंपणाच्या पलीकडून भानमती सगळं ऐकत होती. भानमतीची मुलगी ऑकलंडला असल्यामुळे जगातल्या कुठल्याही प्रश्नावर तिच्याकडे ऑकलंडचं उत्तर तयार असे. "भौजी, आमच्या रोशनीच्या तिथे माणसाला कामावरून काढलं ना, तर आधी मनाचा डॉक्टर बोलावतात. मग केक कापतात. मग इतके पैसे देतात की माणूस म्हणतो, परत काढा!"

"इथे काय देतात?" सुभागवतीने विचारलं.

"इथलं मला काय ठाऊक?" भानमती दुखावून म्हणाली. "मी काय इथे लक्ष देते होय?"

म्हणून एका शनिवारच्या जादा कामाची सुट्टी मंगळवारी घेऊन सुभागवती सुव्याला कामगार कचेरीत गेली. दाराशी बसलेल्या माणसाने काय काम म्हणून विचारलं. "नोकरीची भरपाई," ती म्हणाली. त्याने तिला एका रांगेत उभं केलं. रांगेत पुढच्याचा हात गळ्यात अडकवलेला होता, त्याच्या पुढचा कुबड्यांवर होता. तिला वाटलं, बिचाऱ्यांवर काय वेळ आलीय, नोकरीही गेली आणि हाडही. खिडकीशी पोहोचल्यावर आतल्या तरुणाने मान वर न करता विचारलं, "कुठला अवयव?"

"अवयव नाही. नोकरी."

"नोकरीत कुठला अवयव?"

"सगळे शाबूत आहेत."

तेव्हा त्याने मान वर केली आणि, जिच्याकडे तक्रार करण्यासारखं काहीच नाही अशा बाईकडे जसं बघावं तसं बघितलं. मग चहाची सुट्टी झाली. मग तिला वरच्या मजल्यावर पाठवलं, तिथून परत खाली, आणि शेवटी ती सालोते नावाच्या अधिकारीणबाईंच्या टेबलासमोर बसली. सालोतेबाई अंगाने भरभक्कम होत्या, केसांत फूल होतं आणि बोलणं मोजकं होतं.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "कंपनीला तुमची जागा नको झाली, प्रयोगशाळा बंद करायची आहे, तर तो तुमचा दोष नाही. मग कंपनीने आधी महिनाभराची सूचना द्यायची. जितकी वर्षं पूर्ण केलीत, त्या प्रत्येक वर्षामागे एका आठवड्याचा पगार द्यायचा. न घेतलेल्या रजेचे पैसे द्यायचे. इतकी वर्षं काम केल्याचा दाखला द्यायचा. हे उपकार नाहीत, हक्क आहे."

सुभागवतीच्या मनात एकेक वर्ष पत्रा होऊन छतावर चढायला लागलं. तिने बरीच वर्षं काम केलं होतं. स्वयंपाकघर झाकून पडवीसुद्धा झाकली जात होती.

"आणि मी होऊन सोडली तर?"

"तर कामाच्या दिवसांचा पगार, रजेचे पैसे आणि शुभेच्छा. काढलं का त्यांनी तुम्हाला?"

"नाही ना. तीच तर तक्रार आहे."

सालोतेबाईंनी लिहिणं थांबवलं. "तुमची तक्रार अशी आहे की तुम्हाला नोकरीवरून काढत नाहीत?"

"काढायचं ठरलंय. पण सांगत नाहीत. खेकडे देतात."

सालोतेबाई खिडकीबाहेर बघू लागल्या. त्यांचे खांदे थोडे हलले. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "यासाठी आमच्याकडे रकाना नाही. तुम्ही त्यांना सरळ विचारा. आणि एक लक्षात ठेवा. जाते असं म्हणायचं नाही, कशावर सही करायची नाही, आणि जाते असं वाटेल असं काही करायचं नाही."

सुभागवतीने मान डोलावली. तिला वाटलं, यात काय अवघड आहे?

अवघड होतं ते विचारणं. मानासाला प्रश्न विचारायला गेलं की तो गोदामात खोकी मोजायला जायचा. खोकी कधी इतक्या वेळा मोजली गेली नव्हती. तेव्हा शेजारचा आपेनिसा पुढे झाला.

आपेनिसाने उमेदीची वर्षं बेटाबेटांमधल्या बोटींवर घालवली होती, पण त्याचं खरं काम जन्माने ठरलेलं होतं. त्याच्या घराण्याकडे पिढ्यानपिढ्या सरदाराच्या वतीने बोलायचा मान होता. सरदार गप्प बसायचा आणि आपेनिसाच्या घरचे बोलायचे. निवृत्त झाल्यावर बोलायला सरदार उरला नव्हता, तेव्हा तो गल्लीच्या वतीने बोलायचा.

"सुभाग, असले प्रश्न हात हलवत जाऊन विचारतात होय?" तो म्हणाला. "यंगोना घेऊन जायचं. मुळांची चांगली जुडी, वर्तमानपत्रात बांधलेली. आपण समोर ठेवायची, त्यांनी हात लावून स्वीकारायची. मग ती कुटायची, कालवायची, सगळ्यांनी प्यायची. यंगोना समोर ठेवून विचारलेल्या गोष्टीपासून माणूस पळू शकत नाही. आणि स्वतःसाठी स्वतः बोलायचं नसतं. मी बोलतो."

हा सल्ला तिला पटला. सगळा जन्म त्या देशात काढलेल्या माणसाला तो न पटण्यासारखा नव्हताच. तिने बाजारातून जुडी आणली. इथे मात्र तिचं शिक्षण आडवं आलं. जुडी हातात घेताच तिला कळलं की मुळं ओलसर आहेत. ओल ओळखण्याचा पगार घेणाऱ्या बाईने ओली यंगोना द्यायची? तिने ती कारखान्यात नेली आणि आल्याच्या नमुन्यांसाठी असलेल्या भट्टीत, मंद आचेवर, वाळत ठेवली.

दुपारी ऊना कप न्यायला आली आणि तिने भट्टीच्या काचेतून आत पाहिलं. कप न घेताच परत गेली. थोड्या वेळाने ड्रायव्हर उगाच येऊन काचेतून बघून गेला. मग आलं धुणाऱ्या दोघीजणी आल्या, बघितलं, आणि एकीने सुभागवतीचा हात हातात घेऊन दाबला. सुभागवतीला वाटलं, भट्टीचं कौतुक असेल.

शुक्रवारी काम संपल्यावर मानासाच्या खोलीत चटया अंथरल्या. सुभागवतीला वाटलं होतं, तिघंचौघं असतील. तिथे सगळा कारखाना होता, आणि बायकांनी केसांत फुलं माळली होती. आपेनिसा लुंगीसारखा धुतलेला सुलू नेसून आला होता. एवढी माणसं पाहून त्याच्या डोळ्यांत जे आलं ते पाहूनच सुभागवतीने सावध व्हायला हवं होतं.

तो मांडी घालून बसला, जुडी पुढे ठेवली आणि बोलायला लागला. सभेतली भाषा, तीही त्याच्या बेटावरची, सुभागवतीला अर्धीच कळायची. सुरुवात ठीक होती. कारखान्याचा मान, जमिनीचा मान, मानासाच्या वाडवडिलांचा मान. मग समुद्र आला. मग होडी आली. होडी किनाऱ्याला लागली होती ती सुटली. मग भरती, ओहोटी, आणि मागे राहिलेल्यांचे हात. ऊनाने नाक ओढलं. सुभागवतीने हळूच बाजूला विचारलं, "ही होडी कशाला आणली?"

"तुम्ही आहात ना त्यात, दीदी," ड्रायव्हर गहिवरून म्हणाला.

झालं होतं असं की सरदाराच्या वतीने बोलण्यातही आपेनिसाच्या घराण्याला गावाने नेमून दिलेलं काम होतं ते पाहुण्यांना निरोप देण्याचं. आयुष्यभर त्याने निरोपाची भाषणं केली होती. विनंतीचं भाषण त्याला येत होतं, पण ते कधी वापरलेलं नव्हतं. आणि भट्टीतली जुडी पाहून हा निरोपच असं धरून आलेले, रडायला तयार असलेले इतके श्रोते समोर दिसल्यावर त्याची जीभ आपोआप सवयीच्या वाटेला लागली. जुडी तीच, चटई तीच, फक्त भाषण निराळं. आणि त्या लोकांत यंगोना कशासाठी ठेवली हे जुडीवरून कळत नाही, भाषणावरून ठरतं. जो निरोपाची यंगोना ठेवतो तो आपण होऊन निघालेला असतो.

मानासा रडत होता. पण तो नेहमीचा रडका चेहरा नव्हता, त्यावर ऊन पडलं होतं. त्याने जुडीला दोन्ही हात लावले, तळवे खोलगट करून टाळ्या वाजवल्या आणि म्हणाला, "आम्हाला जे बोलायला जमलं नाही ते दीदी स्वतः येऊन बोलल्या. केवढं मोठं मन!" तिच्या गळ्यात फुलांची माळ पडली. प्रेशर कुकर भेट मिळाला. "थांबा, मी..." असं ती म्हणाली, पण तेव्हाच बायकांनी निरोपाचं गाणं सुरू केलं आणि ते गाणं सुरू झाल्यावर मध्येच कोणाला थांबवता आल्याचं ऐकिवात नाही. यंगोना पिऊन जीभ बधिर झाली ती वेगळीच. यंगोना मात्र उत्तम वाळली होती, सगळे म्हणाले.

अशा तऱ्हेने, सरळ विचारायला गेलेली सुभागवती गळ्यात माळ आणि काखेत कुकर घेऊन राजीनामा देऊन घरी आली.

"शाब्बास!" हरनारायण म्हणाला. "याला म्हणतात इज्जत."

सुभागवतीने कुकर ताडपत्रीच्या गळतीखाली ठेवला. बादली आधीच भरली होती.

सोमवारी सकाळी तिने बसथांब्यावरून सालोतेबाईंना फोन लावला.

"लेखी दिलंत काही?"

"नाही."

"तोंडी म्हणालात, मी जाते?"

"मी काहीच म्हणाले नाही. शेजारी म्हणाले. यंगोना ठेवून."

"भाषणात होडी होती का?" सालोतेबाईंनी हळू आवाजात विचारलं.

"होती."

"सुटली?"

"सुटली."

"अरे देवा," सालोतेबाई म्हणाल्या. मग खाकरून म्हणाल्या, "कायद्याच्या दृष्टीने तुम्ही कुठेही गेलेल्या नाही. माझ्या आजीच्या दृष्टीने गेलात. आजी या कचेरीत नाही. कामावर जा, जागेवर बसा."

कामावर जाणं सोपं होतं. जागेवर बसणं कठीण गेलं, कारण जागेवर खोकी होती. सूक्ष्मदर्शक गवतात गुंडाळून पेटीत भरला होता. तिच्या कपातून ड्रायव्हर चहा पीत होता. तिला पाहून त्याला इतका ठसका लागला की पाठीत थोपटावं लागलं. एकदा रडून निरोप दिलेलं माणूस तिसऱ्या दिवशी परत आलं की त्याच्याशी काय बोलायचं, याची कोणाला सवय नव्हती. बायका तिच्याकडे बघायच्या आणि भराभर आलं धुवायच्या.

मानासा दहाच्या चहाला बसला होता. बिस्किट वाकलं होतं आणि तो ते मोक्याच्या क्षणी उचलतच होता. त्याने वर पाहिलं. बिस्किट पूर्ण, सबंध, कपात गेलं.

"दीदी! काही विसरलं का?"

"मी गेलेच नाहीये, मानासा."

"असं कसं? मी ब्रिस्बेनला कळवलं. ते फार खूश झाले. म्हणाले, किती समजूतदार बाई!"

"मी समजूतदार नाही. भाषण चुकलं. तुझ्या मनात आहे ते तू मला सांग. काढायचंय ना? मग काढ."

"काहीतरीच काय बोलता, दीदी!" मानासाने कानांवर हात ठेवले आणि तो खोकी मोजायला गेला.

तिने कुकर परत करायला काढला. निरोपाची भेट परत घेत नाहीत, असं ऊना म्हणाली. न झालेल्या निरोपाची भेट ठेवून घेत नाहीत, असं सुभागवती म्हणाली. वर्गणी काढणाऱ्यांत दोन तट पडले. कुकर कचेरीच्या पायरीवर बेवारशी पडून राहिला, आणि दुपारी ऊनाने त्यात डाळ शिजवली, कारण भूक कोणत्याच तटाची नव्हती.

घरी येऊन तिने आपेनिसाला कुंपणापाशी गाठलं.

"माझ्या भाषणात काय चूक होती?" तो म्हणाला. "सगळे रडले."

"भाषणात चूक नव्हती. भाषणच दुसऱ्या कामाचं होतं. तुम्ही मला होडीत बसवून सोडून दिलंत, आपेनिसाभाऊ. आता मला छत नाही, पैसे नाहीत, आणि माझ्या कपातून ड्रायव्हर चहा पितो."

आपेनिसाने तोंड उघडलं, मिटलं, आणि घरात गेला. दुसऱ्या दिवशी त्याची बायको लितिया घाबरीघुबरी होऊन आली. "अगं, काल रात्रीपासून बोलतच नाही. घर इतकं शांत झालंय की मला घड्याळ ऐकू येतंय. याला बोलतं कर बाई, नाहीतर मला वेड लागेल."

"बोलायला काय हरकत आहे त्यांना?"

"म्हणतो, म्हणजे खुणेने म्हणतो, की चुकीचं बोललेलं परत घ्यायलाही यंगोनाच लागते. आणि ती त्याने स्वतः द्यायला हवी."

बुधवारी आपेनिसाने स्वतः विकत आणलेली जुडी सुभागवतीकडे दिली. "वाळवून दे," एवढंच म्हणाला. या वेळी तिने ती घरीच, पातेल्यात परतली. हरनारायणने तिला टॅक्सीतून कारखान्यात सोडलं आणि तिथेच थांबला. आत काय होतंय ते ऐकायला तो खिडकीखाली उभा होता, पण विचारलं असतं तर टायर बघतोय म्हणाला असता.

पुन्हा चटया. पुन्हा सगळा कारखाना, मात्र फुलं नाहीत. ब्रिस्बेनला कळवलेलं परत कसं घ्यायचं, या काळजीने मानासाचं तोंड खेकड्याएवढं झालं होतं. आपेनिसा बसला, त्याने जुडी पुढे ठेवली, डोकं खाली घातलं आणि आयुष्यातलं सगळ्यात लहान भाषण केलं.

"शुक्रवारी मी चुकीचं भाषण केलं. त्याची माफी मागायला ही जुडी आहे. ही बाई निघालेली नव्हती. ती एक विचारायला आली होती. ते अजून विचारायचं राहिलंय."

त्याला समुद्राचा मोह झाला नसेल असं नाही. त्याने एकदा खिडकीबाहेर पाहिलंही. पण तो थांबला. मागे येऊन बसलेल्या लितियाने सुटकेचा निःश्वास सोडलेला सगळ्यांना ऐकू आला.

मानासाने जुडीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. दारात ड्रायव्हर बसला होता. मग त्याने हात पुढे केले आणि जुडी स्वीकारली. माफी न स्वीकारण्याइतका तो वाईट माणूस नव्हता. सगळी भानगड त्यामुळेच तर झाली होती.

यंगोना कुटली गेली, लाकडी परातीत कालवली गेली. नारळाच्या करवंटीतून पहिला पेला मानासाकडे गेला, दुसरा सुभागवतीकडे. तिने टाळी वाजवली, एका दमात पेला संपवला, तीन टाळ्या वाजवल्या. जीभ बधिर व्हायच्या आत तिने विचारून घेतलं.

"मानासा, कंपनीला माझी जागा हवीय की नकोय?"

"दीदी," मानासा म्हणाला, "सासूबाई कशा..."

"जुडी हातात घेतलीस, पोरा," आपेनिसा म्हणाला. त्याच्या आवाजाला पुन्हा धार आली होती. "घेतली की उत्तर द्यावं लागतं. हो किंवा नाही. खेकडा चालत नाही."

कोणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. मानासाने ऊनाला खूण केली आणि चहा मागवला. बाकी कोणी जागचं हललं नाही. चहा आला, बिस्किट आलं. मानासाने ते बुडवलं. सगळा कारखाना कपाकडे बघत होता. खिडकीत हरनारायणचं कपाळ उगवलं. बिस्किट वाकायला लागलं, अजून थोडं वाकलं, आणि नेमक्या त्या क्षणी मानासाने ते उचललं. अख्खं होतं. त्याने ते तोंडात टाकलं, शांतपणे खाल्लं, कोरड्या बशीत कप ठेवला.

सुभागवतीला वाटलं होतं, ही वेळ आली की आपल्याला रडू येईल. तसं काही झालं नाही. उलट मानेतली एक शीर, जी कित्येक आठवडे ताठ होती, ती सैल पडत होती. तिने पाठ भिंतीला टेकवली. मानासाने तिच्याकडे सरळ पाहिलं. पोरगेल्या वयात काटा पहिल्यांदा बरोबर वाचून दाखवताना त्याने असंच पाहिलं होतं.

"दीदी, तुम्ही कुठेही निघालेल्या नव्हतात, हे मी आजच ब्रिस्बेनला कळवतो," तो म्हणाला. "प्रयोगशाळा कंपनी बंद करतेय, आणि तुम्हाला कामावरून मी काढतोय. महिन्याची सूचना आजपासून, राहिलेली रजा आणि दर वर्षामागचा आठवडा, तुम्ही मला शिकवलंत ते वर्षसुद्धा धरून."